आयकॉन ए-५ : विमान उत्तम, पण उंची तुमची तुम्हीच राखायची

आयकॉन ए-५ या पाण्यावर उतरणाऱ्या छोट्या विमानात बसलं की पहिली नजर जाते समोरच्या पॅनेलवर. छोट्या विमानांत असते तशी घड्याळांची दाटी इथे नाही. गाडीच्या डॅशबोर्डवर असावं तेवढं मोजकंच काय ते आहे, आणि त्यात नेमकी डोळ्यांसमोर येईल अशी एक मोठी तबकडी. तिच्यावर पंखाचा आडवा छेद काढलाय आणि सोबत हिरवा, पिवळा, लाल पट्टा. हा अँगल ऑफ अटॅकचा काटा. समोरून येणाऱ्या हवेला पंख किती कोनात भिडतोय आणि स्टॉल, म्हणजे पंखाची उचलून धरण्याची ताकद तुटण्याची वेळ, किती जवळ आलाय, हे तो सरळ दाखवतो. सेस्ना १७२ या नेहमीच्या छोट्या विमानात पंखाच्या पुढच्या कडेला एक भोक असतं आणि स्टॉलच्या पाच-दहा नॉट (एक नॉट म्हणजे ताशी साधारण १.८५ किलोमीटर) आधी भोंगा वाजतो, एवढीच सोय. छोट्या विमानांत माणसं कशामुळे मरतात याचा ए-५ घडवणाऱ्यांनी नीट विचार केला होता, हे या एका तबकडीवरून कळतं.

पण हे विमान ज्या रूपात लोकांसमोर आलं, म्हणजे पाण्याला चिकटून, तळ्याच्या काठाकाठानं, दऱ्यांमधून वळणं घेत, तसंच ते उडवलं तर त्यात बसवलेली सुरक्षेची बहुतेक साधनं कामाला यायच्या आत सगळं संपलेलं असतं. अमेरिकेत लायसन्स काढून शनिवार-रविवारी उडणाऱ्या आणि जुन्या ए-५ च्या जाहिराती चाळणाऱ्या मराठी वाचकांनी आधी हे समजून घ्यावं आणि मग किंमत विचारावी.

आधी विमान. दोन आसनं, शेजारी-शेजारी. पाण्यावर उतरतं, आणि चाकं खाली घेतली की धावपट्टीवरही. पंख मागे दुमडतात आणि विमान ट्रेलरवर चढवून घरी नेता येतं. रोटॅक्स ९१२ आयएस इंजिन, १०० हॉर्सपॉवर, डोक्याच्या मागे उलट्या तोंडानं बसवलेलं. पंखा मागून ढकलतो, म्हणून समोर काचेपलीकडे काहीही आड येत नाही. बाजूच्या खिडक्या काढून ठेवता येतात. चांगल्या प्रतीचं गाडीचं पेट्रोल चालतं. टाकी २० गॅलनची, कमाल वेग ९५ नॉट. वेगासाठी हे विमान कुणी घेत नाही आणि घेऊही नये.

वजनाचा हिशेब मात्र खरेदीआधी कागदावर मांडा. उड्डाणाचं कमाल वजन १,५१० पाउंड. रिकाम्या विमानाचं वजन साधारण १,०८० धरलं तर उरतात ४३० पाउंड. टाकी भरली की त्यातले १२० गेले. राहिलेल्या ३१० पाउंडांत, म्हणजे १४० किलोत, दोन माणसं, त्यांचे कपडे, नांगर, दोर, पाण्याच्या बाटल्या. दोन धडधाकट पुरुष बसणार असतील तर टाकी अर्धीच ठेवावी लागेल. जड विमान पाण्यावरून उशिरा सुटतं, हळू चढतं आणि वळताना जास्त वेगातच स्टॉल होतं. कमी उंचीवर हे तिन्ही दोष एकदम अंगावर येतात.

किमतीचा इतिहासही बोलका आहे. सुरुवातीला १,३९,००० डॉलरचं स्वप्न दाखवलं गेलं होतं. २०१७ च्या अखेरीस सगळ्या सोयींसह आकडा ३,८९,००० वर पोचला. एप्रिल २०२४ मध्ये कंपनीनं दिवाळखोरीचं संरक्षण मागितलं आणि पुढे मालकी बदलली. त्यामुळे आज व्यवहार करताना सुटे भाग कोण देणार, किती दिवसांत देणार, आणि जवळचा कोणता मेकॅनिक या विमानाला हात लावतो, हे लेखी विचारून घ्या.

आता या विमानाचा खरा गुण. ए-५ स्पिनला दाद देत नाही. पंखाची पुढची कड बाहेरच्या बाजूला थोडी पुढे काढून तिला वेगळा आकार दिलाय. नासानं काही दशकांपूर्वी ज्या कल्पनेवर संशोधन केलं होतं, तीच ही. स्टिक, म्हणजे नाक वर-खाली करणारा दांडा, पोटाशी ओढून धरली की पंखाचा आतला भाग आधी स्टॉल होतो, बाहेरचा हवा धरून राहतो आणि एलरॉन, म्हणजे विमान डावी-उजवीकडे कलवणाऱ्या पंखाच्या झडपा, चालत राहतात. त्यामुळे विमान भोवऱ्यासारखं गरगरत खाली जात नाही. नाक वर धरून, हलत-डुलत खाली बसत जातं. पारंपरिक विमानात हीच चूक, त्यात चुकीच्या बाजूला दाबलेला शेपटीचा रडर, म्हणजे स्पिन. सेस्ना १७२ एका फेऱ्याच्या स्पिनमधून बाहेर काढायला सुमारे १,००० फूट उंची लागते, असं तिच्याच पुस्तकात लिहिलंय. ए-५ नं हा धोका खरोखरच बाजूला सारलाय आणि त्याचं श्रेय त्याला द्यायलाच हवं.

पण त्या हलत-डुलत खाली बसण्यालाही उंची लागते. काटा लालमध्ये गेलाय हे डोळ्यांनी पाहायचं, स्टिक पुढे करायची, थ्रॉटल देऊन इंजिनाचा जोर वाढवायचा, विमानानं वेग पकडायचा. हे सगळं निवांत जमवायला खाली दोन-तीन हजार फूट मोकळी हवा हवी. घाईत करायचं तर काहीशे तरी हवीतच. पाण्यापासून ५० फुटांवर हा गुण असून नसल्यासारखा.

कायदा इथे फारसा मदतीला येत नाही. एफएए, म्हणजे अमेरिकेचं विमानवाहतूक नियामक खातं, त्याच्या ९१.११९ या नियमात तीन पायऱ्या आहेत. दाट वस्तीवर २,००० फुटांच्या परिघातल्या सगळ्यात उंच अडथळ्याच्या १,००० फूट वर राहायचं. इतरत्र जमिनीपासून ५०० फूट. मात्र उघड्या पाण्यावर आणि विरळ वस्तीच्या भागात किमान उंचीच नाही, फक्त माणूस, बोट, गाडी आणि बांधकाम यांच्यापासून ५०० फुटांचं अंतर हवं. आणि ए-५ तर उघड्या पाण्यावर उडायलाच बनवलंय. म्हणजे हजार तास उडालेल्या माणसालाही घाम फुटेल अशा उंचीवर कालचा नवशिका कायदा न मोडता जाऊ शकतो. ए-५ उडवायला पुरणाऱ्या स्पोर्ट पायलटच्या लायसन्ससाठी किमान २० तासांचं प्रशिक्षण पुरतं, हेही सोबत लक्षात घ्या. बेफिकीर उड्डाणाबद्दलचं ९१.१३ हे कलम आहे, पण ते बहुतेक वेळा घटना घडून गेल्यावर लावलं जातं.

मग ११ फुटांवर काय होतं ते आकड्यांत पाहू. ११ हा आकडा मुद्दाम घेतलाय. ७ नोव्हेंबर २०१७ रोजी बेसबॉलचे नामवंत पिचर रॉय हॅलडे फ्लोरिडाच्या किनाऱ्यावर त्यांच्या ए-५ मधून उडत होते. विमानातल्या नोंदींवरून ते पाण्यापासून ११ फुटांपर्यंत खाली आले होते, वेग ९२ नॉटच्या आसपास होता, आणि त्याच उड्डाणात ते किनाऱ्यावरच्या घरांपासून ७५ फुटांवरून गेले होते. विमान त्यांच्या हाती येऊन जेमतेम महिना झाला होता. त्यांचं एकूण उड्डाण सुमारे ७०० तासांचं, त्यातले पन्नासेक ए-५ वरचे. म्हणजे अगदी कच्चा हात नव्हता.

९२ नॉट म्हणजे सेकंदाला १५५ फूट. या वेगात नाक फक्त २ अंश खाली झुकलं तर विमान सेकंदाला साडेपाच फूट उतरतं. ११ फूट दोन सेकंदांत संपतात. दोन अंश म्हणजे किती? शेजाऱ्याशी बोलायला मान वळवली, मोबाइल उचलायला हात खाली नेला, तर स्टिकवरचा हात तेवढा सहज हलतो, आणि हलल्याचं कळतही नाही. दुसरं गणित पंखाचं. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पंख जवळपास ३५ फुटांचा, म्हणजे मधल्या रेषेपासून टोक साडेसतरा फुटांवर. ३० अंश बँक घेतली, म्हणजे वळताना विमान तेवढं एका बाजूला कललं, की आतल्या बाजूचं टोक पावणेनऊ फूट खाली येतं. पायलटची नजर समोर असते, उंचीचा अंदाज तो आपल्या बुडाखालच्या पाण्यावरून घेत असतो, आणि टोक तोवर लाटांशी आलेलं असतं.

पण नुसतं खाली उडणं हा अर्धाच धोका. खरा घात होतो तो त्यानंतरच्या चढाईत. पाण्यालगत सुसाट यायचं, स्टिक ओढून आकाशात उसळी घ्यायची, वर वळायचं आणि पुन्हा खाली झेप घ्यायची, हा खेळ खासगी पायलटांमध्ये फार जुना आहे आणि त्यात फार माणसं गेलीत. याचं गणित साधं आहे. ९२ नॉटवरून ५० नॉटपर्यंत वेग खर्च केला तर त्या बदल्यात साधारण २६० फूट उंची मिळते. इंजिनाचा जोर थोडी भर घालतो, हवेचा रोध थोडी काढून घेतो. म्हणजे उसळीच्या टोकाला तुमच्याकडे ना वेग आहे ना उंची. तिथे ४५ अंश बँक घेतली की सरळ उड्डाणात ४५ नॉटवर स्टॉल होणारा पंख ५४ नॉटलाच हात टेकतो. ६० अंशांत ६४ नॉटला. मग नाक खाली टाकण्यावाचून पर्याय नसतो. आता ४५ अंश नाक खाली आणि वेग ८० नॉट असताना २ जी, म्हणजे वजनाच्या दुप्पट, ओढ देऊन विमान सरळ करायचं म्हटलं तर त्या एकट्या वळणालाच १४० फुटांहून जास्त उंची लागते. यात पायलटला उशिरा उमगल्याचा सेकंद धरलेला नाही. तो धरला की आणखी शंभर फूट गेले. ५० नॉटवरून ८० पर्यंत पोचताना खर्च झालेली उंची वेगळीच. एकूण २६० फुटांत हा हिशेब बसतच नाही.

हॅलडेंच्या अपघाताच्या दिवशी साक्षीदारानं जे पाहिलं ते याच चित्राशी जुळतं: विमान ३०० ते ५०० फुटांवर चढलं, वळलं, आणि नाक सुमारे ४५ अंश खाली करून उथळ पाण्यात आदळलं. अमेरिकेत विमान अपघातांचा तपास करणाऱ्या एनटीएसबी या संस्थेच्या २०२० च्या अंतिम अहवालानं कमी उंचीवर आक्रमक कसरती करण्याचा निर्णय हे कारण दिलं, आणि त्यामागे मेंदूवर परिणाम करणारी औषधं असल्याचं म्हटलं. स्पोर्ट पायलटला एफएएचं वैद्यकीय प्रमाणपत्र लागत नाही, गाडीचं लायसन्स चालतं. म्हणून आज उडण्याच्या अवस्थेत आहोत का, हे ज्यानं त्यानंच ठरवायचं असतं. झोपेची गोळी, सर्दीचं औषध, लक्ष एकाग्र करणारी गोळी, यांतलं काहीही पोटात असेल तर त्या दिवशी किल्ली हातात घेऊ नका. डॉक्टरांनी दिलंय म्हणून विमानात चालेल असं नसतं.

दुसरा अपघात त्याच वर्षी मे महिन्यात, कॅलिफोर्नियातल्या बेरिएसा तलावावर झाला. विमान कंपनीचं, आतले दोघंही कंपनीचेच, आणि चालवणारा होता विमानाच्या घडणीतला मुख्य अभियंता, कसलेला चाचणी वैमानिक. विमानात बिघाड नव्हता. पाण्यालगत उडत ते तलावाच्या एका फाट्यात शिरलं. ती पुढे अरुंद होत जाणारी, तिन्ही बाजूंनी उंच होत जाणारी दरी होती. त्यांनी इंजिनाला जोर दिला, थोडं चढले, डावीकडे वळले, आणि डोंगराला लागले. चुकून भलत्याच घळीत शिरणं हे एनटीएसबीनं त्यामागचं एक कारण मानलं. या विमानाची त्या माणसाइतकी माहिती फार थोड्यांना असेल. म्हणून "माझा हात चांगला आहे" हा युक्तिवाद या विषयात टिकत नाही.

दरीत वळायला किती जागा लागते ते पाहा. ८० नॉटवर ३० अंश बँकनं पूर्ण माघारी फिरायचं तर जवळपास २,००० फूट रुंदी हवी. ४५ अंशांत साडेअकराशे. ६० नॉटपर्यंत वेग उतरवून ४५ अंशांत वळलात तर साडेसहाशे फुटांत काम होतं, पण मघाशी पाहिलं तसं त्या वेगात स्टॉलला सहाच नॉट उरतात. आणि चढून निघू म्हणाल तर मिनिटाला ६०० फूट चढणारं विमान ७५ नॉटवर एक नॉटिकल मैल जाईपर्यंत फक्त ४८० फूट चढतं. घळीचा तळ त्याहून वेगानं चढत असेल तर पूर्ण थ्रॉटलनंही सुटका नाही. म्हणून जाणकार पायलट दरीत खालून वर कधीच शिरत नाहीत. आधी वरून पाहून घेतात, मग वरच्या टोकाकडून उताराच्या दिशेनं येतात, आणि तेही एका कड्याला धरून, म्हणजे वळायची वेळ आलीच तर दरीची सगळी रुंदी हाताशी राहते. मधोमध उडणारा अर्धी दरी आधीच घालवून बसतो.

तारांबद्दल तर जितकं सांगावं तितकं थोडं. ५०० फुटांवरून वीजवाहिनीचे खांब दिसतात, तारा दिसत नाहीत. ५० फुटांवरून खांब झाडीत दडतात आणि तार दिसते तेव्हा अंतर दीड-दोन सेकंदांचं उरलेलं असतं. त्यात एक फसवणूक अशी की जाड वाहक तारांच्या वर, मनोऱ्यांच्या माथ्यावरून, विजेपासून संरक्षणासाठी एक बारीक तार गेलेली असते. पायलटला जाड तारा दिसतात, तो त्यांच्यावरून जायला नाक उचलतो आणि त्या बारीक तारेत अडकतो. वाहिनी ओलांडायचीच असेल तर मनोऱ्याच्या डोक्यावरूनच ओलांडा, दोन मनोऱ्यांच्या मधून कधीच नाही. मनोरा दिसतो, आणि तार त्याच्यापेक्षा वर असू शकत नाही. अमेरिकेत २०० फुटांपेक्षा कमी उंचीच्या बांधकामांवर दिवे किंवा रंगाचे पट्टे सहसा बंधनकारक नसतात, त्यामुळे नदीवरून या काठाहून त्या काठाला गेलेल्या कित्येक तारांवर काहीच खूण नसते. वारा मोजायचे सडपातळ मनोरे तर मुद्दाम २०० च्या किंचित खाली ठेवतात, काही तासांत उभे राहतात आणि नकाशावर यायच्या आधीच तिथे असतात.

हे फक्त अमेरिकेचं नाही. २६ एप्रिल २०१७ रोजी गोंदियाहून उडालेलं एक प्रशिक्षण विमान बालाघाट जिल्ह्यात वैनगंगेच्या पात्रावर कोसळलं, आणि त्यातली प्रशिक्षक व प्रशिक्षणार्थी दोघंही गेली. नदीचा प्रवाह मोजणाऱ्यांच्या ट्रॉलीसाठी दोन काठांच्या मध्ये ताणलेली तार त्या विमानाला लागली होती. गोंदिया, बारामती, धुळे या पट्ट्यात शिकणाऱ्या प्रत्येक मुलामुलीला ही घटना ठाऊक असायला हवी. नदीचं पात्र वरून कितीही मोकळं दिसो, त्यावर काय ताणलंय ते नकाशा सांगेलच असं नाही.

पाण्याचे स्वतःचेही धोके आहेत. वारा पडलेला, पाणी आरशासारखं, अशा सकाळी तळं सगळ्यात सुंदर दिसतं आणि तेव्हाच ते सगळ्यात धोक्याचं असतं. पृष्ठभाग दिसतच नाही, दिसतं ते ढगांचं प्रतिबिंब. उंचीचा अंदाज ३० फुटांनी सहज चुकतो. अशा वेळी उतरायची रीत ठरलेली आहे: किनाऱ्याला समांतर या, कडेची झाडं-दगड नजरेत ठेवा, नाक किंचित वर, इंजिनाला थोडा जोर, उतरण्याचा वेग मिनिटाला १५० फुटांच्या आत, आणि मग काहीही न करता पाणी लागेपर्यंत थांबा. नजरेनं उंची मोजून स्टिक ओढायची नाही. या पद्धतीनं पाणी बरंच लांबवर खर्च होतं, म्हणून आधी वरून जागा मोजून घ्या. याच आरशावर जे लोक हौसेनं दहा-पंधरा फुटांवरून वळणं घेतात ते अक्षरशः न दिसणाऱ्या जमिनीवर उडत असतात.

चाकांचं एकच सांगतो. खाली आलेली चाकं घेऊन पाण्यावर उतरलात तर विमान नाकावर उलटतं. "पाण्यावर उतरतोय, चाकं वर" किंवा "धावपट्टीवर उतरतोय, चाकं खाली" हे वाक्य दर वेळी तीनदा, मोठ्यानं, शेजाऱ्याला ऐकू जाईल असं म्हणा. चाकांची स्थिती दाखवणाऱ्या दिव्याकडेही पाहा. पक्ष्यांचंही थोडक्यात: पेलिकन, समुद्री गल, घारी यांचं बरंचसं जग त्याच पहिल्या काहीशे फुटांत आहे. समोरच्या काचेवर आदळलेला पेलिकन काच तशीच ठेवत नाही.

पॅराशूटवर विसंबणाऱ्यांची संख्या काळजी वाटावी इतकी आहे. ए-५ वर पूर्ण विमानाला तोलणारा पॅराशूट असतो. लाल मूठ ओढली की रॉकेट तो बाहेर खेचतं. पण कापड उलगडायला, त्यात हवा भरायला, विमान त्याखाली लटकून स्थिर व्हायला उंची लागते. अंदाज यावा म्हणून सिरस एसआर-२२ चे जुने आकडे घ्या: सरळ उड्डाणात किमान ४०० फूट, एका फेऱ्याच्या स्पिनमध्ये ९२० फूट. पाण्यालगतच्या उसळीच्या टोकावरून मूठ ओढलीत तर पॅराशूट कदाचित तुमच्या मागून पाण्यात पडेल. पॅराशूटचा उपयोग उंचीवर इंजिन गेलं आणि खाली जंगल असेल तेव्हाचा. ५० फुटांवर इंजिन गेलं तर वेगातून जी काही थोडी उंची मिळेल तेवढीच, आणि समोर जे असेल त्यावरच उतरणं.

कंपनीनंही अखेर हे ओळखलं. ऑक्टोबर २०१७ मध्ये तिनं मालकांसाठी कमी उंचीच्या उड्डाणाच्या सूचना काढल्या आणि ३०० फुटांवर एक काल्पनिक तळ आखला, ज्याच्या खाली वळणावळणाचं उडणं नको. सूचना चांगल्या आहेत. पण आमचं मत विचाराल तर सामान्य मालकासाठी ३०० हा आकडा कमी आहे. पहिले १०० तास तरी उतरणं आणि सुटणं सोडून ५०० च्या खाली जाऊ नका. २०० च्या खाली सरळ उड्डाणही फक्त त्याच पट्ट्यात, जो तुम्ही त्याच दिवशी वरून दोन्ही दिशांनी पाहिलाय. तार, बोट, पक्षी, वाऱ्याची दिशा, निघायची वाट, सगळं. ३० अंशांपेक्षा जास्त बँक १,००० च्या वर. आणि पाण्यालगत असताना मोबाइलवर व्हिडिओ काढणं नाही, पायलटनं नाही आणि पायलटला दाखवत-दाखवत शेजाऱ्यानंही नाही. शेजारी पाहुणा बसला की हात मोकळे सुटतात, काठावर ओळखीची माणसं उभी असली की आणखी सुटतात. म्हणून हे आकडे घरी, कागदावर, ओळखीचं कुणी नसताना लिहून काढा आणि पॅनेलवर चिकटवा. शेजारी बसणाऱ्यालाही ते आधी सांगा. "आता वर घ्या" असं म्हणायचा हक्क त्यालाही द्या, आणि तो म्हणाला की वाद न घालता वर घ्या.

जुनं विमान घेताना या गोष्टी जाणत्या मेकॅनिककडून बघून घ्या. तळाच्या कवचाला, विशेषतः पाण्यावरून सुटायला मदत करणाऱ्या तळाच्या पायरीसारख्या खाचेपाशी, आदळल्याच्या भेगा किंवा डागडुजीच्या खुणा आहेत का. खाऱ्या पाण्यात राहिलंय का, आणि दर उड्डाणानंतर गोड्या पाण्यानं धुतल्याचं दिसतंय का. बिजागऱ्या, खिळे आणि चाकांची यंत्रणा ते लपवू शकत नाहीत. पंख दुमडण्याच्या खिट्ट्यांमध्ये ढिलेपणा नको. रोटॅक्सचे रबरी पाइप दर ५ वर्षांनी बदलावे लागतात, इंजिनाची मुदत २,००० तास किंवा १५ वर्षं, जे आधी येईल ते. विमान कमी उडालंय म्हणून पाइप नवे राहत नाहीत. पॅराशूटचं रॉकेट आणि घडी यांच्या तारखा संपत आल्या असतील तर तो खर्च किमतीतून वजा करा. आणि या विमानात उड्डाणाच्या नोंदी ठेवणारं यंत्र असतं. विक्रेत्याकडे त्या नोंदी मागा. आधीच्या मालकानं कितीदा जोरात आपटलंय आणि किती ओढ दिलीय, ते लॉगबुकापेक्षा तिथे खरं कळेल.

चाचणी उड्डाणात विक्रेता बहुतेक वेळा तुम्हाला पाण्यालगत नेईल, कारण हे विमान तिथे मन जिंकतं. त्याला नम्रपणे सांगा की आधी ३,००० फुटांवर जाऊ. तिथे थ्रॉटल मागे घ्या, स्टिक सावकाश पोटाशी ओढा आणि तशीच धरून ठेवा. काटा हिरव्यातून पिवळ्यात, पिवळ्यातून लालमध्ये जाताना पाहा. विमान नाक वर ठेवून थरथरत खाली बसत राहील, एलरॉन डावी-उजवीकडे हलवाल तसं ऐकत राहील, स्पिनमध्ये जाणार नाही. असं पूर्ण एक मिनिट राहा आणि या मिनिटात उंची किती गेली ते अल्टिमीटरवर वाचून गुडघ्यावरच्या वहीत लिहून ठेवा. मग पाण्याकडे चला.